अ‍ॅपवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय पण दारातून पार्सल गायब, आता काय करायचं?

आधी तो डिलिव्हरीचा फोटो उघडा आणि झूम करून नीट बघा. तुम्ही लिहिलंय की ऑफिसात होतात, डिलिव्हरीवाल्याला फोनवर "दारात ठेवा" म्हणालात आणि संध्याकाळी येऊन बघता तर काहीच नाही. आमच्याकडे वाकडला डिट्टो हेच झालं होतं, वडिलांचं बीपीचं मशीन मागवलं होतं, मी दोन दिवस कामवाल्या मावशींपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांवर मनातल्या मनात संशय घेतला (आजही लाज वाटते) आणि मग बायको फोटो बघून म्हणाली, अरे हे सेफ्टी डोअर आपलं नाहीच, आपलं तोरण कुठंय? बी विंगऐवजी डी विंग! तिथल्या आजींनी बिचाऱ्यांनी जपून ठेवलं होतं.

दार तुमचंच असेल तर मग चोरीच. आजच्या आज सेक्रेटरींना गाठून सीसीटीव्ही बघा, डीव्हीआरवर थोड्या दिवसांनी जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. कंपनीकडे तक्रार लेखी टाका, ओटीपी मागितला नव्हता हे आवर्जून लिहा. "दारात ठेवा" तुम्हीच म्हणालात त्यामुळे आपली बाजू जरा कच्ची पडते पण म्हणून गप्प बसू नका. चॅटवाले टोलवाटोलवी करायला लागले तर साइटवर ग्रीव्हन्स ऑफिसरचं (तक्रार निवारण अधिकाऱ्याचं) नाव शोधा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तरी हलले नाहीत तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन.

पोलिसांत जायचं का ते किमतीवर आहे. १ जुलै २०२४ पासून जे नवे फौजदारी कायदे आले त्यांच्यात ५००० रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे चौकीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतील आणि पाठवतील, त्यावरून हवालदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. मोबाईल-बिबाईल असेल तर मात्र एफआयआरच मागा.

आणि ते दारात ठेवायला सांगणं बंद करा हो! आम्ही आता समोरच्या काकूंकडे द्यायला सांगतो, त्या बदल्यात त्यांचं लाइट बिल आणि गॅस बुकिंग माझ्या मोबाईलवरून होतं.