'हिंसाचार' कुठेही चिकटवू नका

प्रश्न असा : पुण्यातल्या वस्त्यांमध्ये नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचे सर्वेक्षण करायचे आहे. मराठी प्रश्नावलीत 'व्हायोलन्स'साठी 'हिंसा' लिहावे की 'हिंसाचार'?

फरक सोपा आहे. हिंसाचार म्हणजे हिंसा + आचार. दुराचार, भ्रष्टाचार यांतला आचार तोच, म्हणजे वागण्याची रीत. एकदा दिलेली थोबाडीत ही हिंसा; वर्षानुवर्षे चाललेली मारझोड हा हिंसाचार. २००५च्या कायद्याच्या मराठी नावात 'कौटुंबिक हिंसाचार' आहे, तो खपून जाईल. पण चर्चासत्रांत उठताबसता 'संरचनात्मक हिंसाचार' कानांवर आदळतो, तो कसा खपावा? नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली ही कल्पना मांडली तीच मुळी, मारणारा हात दिसत नाही आणि तरी माणूस मरतो, हे दाखवायला. औषधे असूनही कोणी क्षयाने मेला तर त्यांच्या लेखी ती हिंसाच. आचरण करणाराच जागेवर नाही, तर आचार कोणाचा? तिथे 'संरचनात्मक हिंसा' म्हणा आणि सुटा.

आता हिंसेकडे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'हिसि हिंसायाम्' असा स्वतंत्र धातू दिला आहे आणि आपले शास्त्री तिथेच थांबतात. व्हिटनीसारख्या पाश्चात्त्य व्याकरणकारांनी मात्र तो 'हन्' म्हणजे मारणे, याच्या इच्छार्थक रूपाशी जोडला. ते पटण्याजोगे आहे. मग हिंसा म्हणजे मुळात जीव घेण्याची इच्छा. मराठी कानाला त्यात अजून मरणच ऐकू येते : जत्रेतला बोकड, महावीर, गांधी. नवऱ्याची थप्पड त्या यादीत नाही. 'तुमच्यावर हिंसा झाली का?' असे विचारले, तर रोज मार खाणारी बाईही 'नाही' म्हणून मोकळी होते.

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मरण नाही, बळ आहे. लॅटिन 'विस्' म्हणजे जोर. मग बळजोरीला आपल्याकडे शब्दच नव्हता? होता, आणि फर्मास होता : साहस! नारदस्मृती हा जुना कायदेग्रंथ म्हणतो, बळाच्या घमेंडीत 'सहसा', म्हणजे एकदम, जोराने केलेले कर्म ते साहस, 'सहो बलमिहोच्यते'. सहस् म्हणजे बळ. त्याच्या पायऱ्या तीन. कोणाची फळे-मुळे, शेतीची अवजारे मोडली, नासली, तर प्रथम साहस. वस्त्रे, जनावरे, घरातल्या वस्तूंवर हात गेला, तर मध्यम. विष घालून किंवा शस्त्राने जीव घेतला, तर उत्तम. होय, खुनाला 'उत्तम साहस'! मनूने याच नावांनी दंड ठरवले : २५०, ५०० आणि १००० 'पण', म्हणजे तेव्हाची नाणी. आजचे संशोधक 'सौम्य' आणि 'तीव्र' अशी प्रतवारी करतात, ती या मानाने तोकडीच. पुढे साहसाचे भाग्य उघडले आणि ते सिंहगडाचे कडे चढू लागले. 'सहसा' तर मराठीत येऊन 'बहुधा' होऊन बसले. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'व्हायोलन्स'ला हिंसा जोडली, तेव्हा बळाचा शब्द टाकून मरणाचा उचलला. दुसरा बळाचा शब्द 'बलात्कार'. बलात् + कार, बळाने करणे, एवढाच त्याचा अर्थ. तो एका गुन्ह्यापुरता उरला.

हां, प्रश्नावली. दोन्ही शब्द गाळा आणि क्रियापदे विचारा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांची घरातली मारझोड मोजणारी १९७९ची मोजपट्टी कृतीच विचारते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही तेच करते : ढकलले, गदागदा हलवले, काही फेकून मारले, थोबाडीत मारली, हात पिरगाळला, केस ओढले, बुक्का मारला, लाथ मारली, फरफटले, बदडले, गळा दाबला, भाजले, शस्त्राचा धाक दाखवला. एकेक कृती वेगळी विचारा. 'मारहाण' हा पोलीस ठाण्यातला शब्द आहे. एकुलती थप्पड बायका त्यात धरत नाहीत. 'अत्याचार' नकोच, वर्तमानपत्रांनी त्याला बलात्काराचा आडपडदा करून टाकले आहे. 'अंगावर हात टाकला' तर मुळीच नको. एकीला त्यात मार दिसेल, दुसरीला लगट, आणि आकडा दोन्हीकडून फसेल.

'गेल्या बारा महिन्यांत' हे तारखेने आठवत नाही, म्हणून 'गेल्या गुढीपाडव्यापासून' असे विचारतात. युक्ती चांगली, पण मध्ये अधिक मास आला की पाडवा ते पाडवा तेरा महिने भरतात. तेवढे पंचांग आधी पाहून ठेवा. आणि दारात उभे राहून 'हिंसेचा सर्व्हे' म्हणू नका. 'बायकांच्या आरोग्याची पाहणी' म्हणा, घरातल्या एकाच बाईला निवडा, आणि सासू चहा घेऊन आत आली, तर पाणी भरण्याचे प्रश्न काढा.