धर्म, शेती आणि पिढ्यांची मिळकत

प्रश्न : मी शेतकरी कुटुंबातली असून अर्थशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे घर वर आले ते धर्मनिष्ठेमुळे, असे आजोबा सांगतात. धर्म आणि शेतकरी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत यांवर संशोधन करायचे आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : आजोबांचे म्हणणे खोडून काढण्याची घाई करू नका आणि ते गृहीतही धरू नका, तुमच्या संशोधनाचा प्रश्न तिथेच दडलेला आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट या ख्रिस्ती पंथीयांच्या आर्थिक प्रगतीचा संबंध त्यांच्या धार्मिक आचारनीतीशी जोडला होता. २००९ मध्ये बेकर आणि व्योसमान या अर्थतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकातील प्रशिया या जर्मन राज्याची जिल्हावार आकडेवारी तपासली, तेव्हा प्रोटेस्टंट जिल्ह्यांच्या सुबत्तेचा उलगडा बहुतांशी साक्षरतेने होत असल्याचे आढळले. बायबल प्रत्येकाला वाचता यावे हा प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांचा आग्रह होता, आणि ते वाचन पुढे व्यवहारातही कामी आले. म्हणून नुसत्या धर्माच्या रकान्यावर थांबू नका. मुलींचे शिक्षण कितवीला थांबले, वारसाहक्काच्या नियमाने जमिनीचे किती तुकडे पडले, अडचणीला कर्ज कोणी दिले, हे विचारा.

खरी कसोटी मात्र मोजमापाची आहे. अमेरिकेत वडील आणि मुलगा यांच्या मिळकतीतील सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) आधी, एखाद्याच वर्षाच्या मिळकतीवरून, ०.२ च्या आसपास मानला जात असे. अर्थतज्ज्ञ गॅरी सोलोन यांनी १९९२ मध्ये अनेक वर्षांची मिळकत एकत्र धरली, तेव्हा तो ०.४ किंवा त्याहून अधिक निघाला. शेतीत हा धोका अधिकच, कारण वडिलांची मिळकत दुष्काळी वर्षातली नोंदली गेली, तर मुलाने मोठी झेप घेतल्याचा भास होतो. घरी खाल्लेले धान्य हिशेबात येत नाही, आणि शहरात गेलेला भाऊ पाहणीतून सुटतो, तोही बहुधा अधिक कमावणारा.

त्यामुळे पदव्युत्तर शिक्षणासाठी संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) कसून शिकवणारा अभ्यासक्रम निवडा. ही कौशल्ये विद्यापीठे, संशोधन संस्था, सरकारी सांख्यिकी विभाग आणि कृषी पतपुरवठा या सर्व ठिकाणी लागतात, तेव्हा विषय फार अरुंद आहे ही भीती बाळगू नका. निष्कर्ष आपल्याच समाजाच्या बाजूने लागावा ही ओढ मात्र ओळखून असा. ती भल्याभल्यांना होते.

प्रवेशअर्जाआधी एक वही घेऊन आजोबांजवळ बसा. त्यांच्या प्रत्येक भावंडाचे शिक्षण, वाट्याला आलेली जमीन, विहीर कधी खणली आणि गाव कोणी, कोणत्या वर्षी सोडले, हे लिहून घ्या. मग वेगळ्या धर्माच्या शेजारच्या घरीही तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा.