दिवाळीत समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा

प्रश्न : आम्ही यावलकडचे. भाऊबीज आटोपली की सगळ्यांनी मिळून मालवण-तारकर्लीला जायचं ठरवेल आहे. दोन्ही पोरं (१३ आणि १७ वर्षं) शेतातल्या विहिरीत पोहायला शिकेल आहेत, पट्टीचे पोहतात, म्हणून मला तशी काळजी नाही पण सासूबाई घाबरून राहिल्या. हॉटेलवाला म्हणतो पाच राइडचं पॅकेज घ्या, स्वस्त पडेल, एका संध्याकाळीच सगळं होऊन जाईल. घ्यावं का?
*एक वाचक, यावल*

उत्तर : ताई, पॅकेज घ्यायला हरकत नाही, पण संध्याकाळचं घेऊ नका. आणि सासूबाईंची भीती उडवून लावू नका, त्यांचं बरोबर आहे.

आधी वेळेचं सांगते. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, म्हणजे भाऊबीजेनंतर लगेच तुम्ही तिथे पोहोचाल तेव्हा उधाणाचेच दिवस चालू असणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितकंच जोरात उतरतं. कोकणातली जुनी माणसं एक सोपा हिशोब करतात, तिथीची पाऊणपट केली की साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. तृतीयेला म्हणजे दुपारी सव्वादोन, मालवणकडे थोडी आधीच, आणि तिथून पुढे सहा तास ओहोटी. आता बघा, आपली सगळी मंडळी जेवून झोप काढून चहा पिऊन पाच वाजता सूर्यास्त बघायला पाण्यात उतरतात, आणि नेमकं तेव्हा पाणी आत ओढत असतं! तारकर्लीला लागूनच असलेल्या देवबागला तर कर्ली नदी समुद्राला मिळते, ओहोटीत नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकाच दिशेला पळतं, त्यामुळे त्या मुखाशी कुणालाच पोहायला सोडू नका. तिथल्याच त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटावरच्या राइड सकाळी करा, ९ ते १२, पाणी चढतं असतं आणि वाराही पडलेला असतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, मग पॅरासेलिंगला (बोटीमागे दोरीने बांधलेल्या पॅराशूटमधून उडतात ते) नुसते हेलकावे बसतात.

पोरांचं म्हणाल तर विहिरीत दम लागला की दोन हात मारले की कपार हाताशी येते, पाणी जागचं हलत नाही. समुद्रात धरायला काहीच नसतं. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं त्यामुळे पोरांना वाटतं अरे हे तर सोपंय आणि ती आत जात राहतात, मग मागे वळून बघितलं की किनारा लांब. घरून निघायच्या आधी दोघांना एवढं पाठ करून द्या : ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, आडवं पोहायचं, किनाऱ्याला समांतर, ओढ संपली की मग तिरकं बाहेर यायचं, आणि तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून ओरडायचं. चांगला पोहणारा माणूस बुडतो तो बहुतेक वेळा ओढीशी भांडून दमल्यामुळेच.

लाइफ जॅकेट राइडवाला नुसतं अंगावर चढवून देतो, ते तुम्ही स्वतः तपासा. सगळे बकल लावल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढा, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते त्या पोराला मोठं आहे, दुसरं मागा. लाजू नका. बकल तुटकं असेल आणि दोरीने बांधून देत असतील तर ती राइडच सोडा, पैसे गेले तरी चालतील. बोटीत किती माणसं बसवायची परवानगी आहे ते विचारा, दाटीवाटीने भरत असतील तर उतरा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरतात ते) परतणारी बोट बुडाली होती, दोन पर्यटकांचा जीव गेला, म्हणून इतकं कळवळून लिहितेय.

बनाना राइडवाले (केळ्याच्या आकाराची हवेची बोट ओढत नेतात ते) शेवटी मुद्दाम बोट उलटी करतात, तो त्यांच्या खेळाचाच भाग असतो. नको असेल तर बसायच्या आधीच बजावून सांगा. सासूबाईंना सकाळची डॉल्फिनची फेरी आणि सिंधुदुर्ग किल्ला दाखवा, १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला भर समुद्रात आहे, होडीतून जाताना त्यांना खूप आवडेल. प्रवासाला भुसावळहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीपर्यंत आहे, पुढे मालवणला जवळचं स्टेशन कुडाळ.

प्रश्न : स्कूबा डायव्हिंगला पोहता यायलाच पाहिजे का? मला येत नाही, चष्मा आहे, आणि मिशी मोठी आहे (मित्र म्हणतो मिशीवाल्यांना घेत नाहीत).
*एक वाचक, अमळनेर*

उत्तर : घेतात दादा, बिनधास्त जा. पहिल्यांदा करणाऱ्यांना पोहणं यायची गरज नसते, इन्स्ट्रक्टर पूर्णवेळ धरून असतो. मिशीमुळे मास्क नाकाखाली नीट चिकटत नाही आणि थोडं थोडं पाणी आत झिरपतं, एवढंच. मिशीवर व्हॅसलिन चोळून घ्या, बरंच थांबतं. पाण्याखाली सगळं जवळ आणि मोठं दिसतं त्यामुळे नंबर कमी असेल तर चष्म्यावाचून निभावतं, जास्त असेल तर सॉफ्ट लेन्स चालतात.

खरं महत्त्वाचं वेगळंच आहे. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर अजिबातच नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. खाली जाताना कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच हवा फुंकायची. सर्दी असेल तर त्या दिवशी रद्द करा, कान मोकळे होत नाहीत. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फॉर्मवर हे लपवू नका. आणि आदल्या रात्री दारू नको, सकाळी हलका नाश्ता.

प्रश्न : आमच्या शाळेची नववीची सहल जानेवारीत मुरुड-जंजिऱ्याला नेतोय. मुलांना पाण्यात उतरवावं का?
*एक शिक्षक, धुळे*

उत्तर : सर, घोट्याएवढ्या पाण्यापर्यंतच, आणि तेही चढत्या भरतीत. १ फेब्रुवारी २०१६ ला याच मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. तुमच्या मुलांनी तर आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायचाय, ती वेडी होऊन पळणार, त्यात त्यांचा काय दोष! म्हणून बस थांबायच्या आत बसमध्येच सगळं सांगून टाका. दहा-दहा मुलांचे गट, प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस, आणि ते माणूस पाण्याकडे तोंड करून नाही तर समुद्राच्या बाजूला मुलांकडे तोंड करून उभं. गळ्यात शिट्टी. दर पंधरा मिनिटांनी मोजणी. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारून घ्या आणि सहलीचं टाइमटेबल त्याप्रमाणे लावा, किल्ला आधी की किनारा आधी ते त्यावरच ठरू द्या. कोस्ट गार्डचा १५५४ आणि पोलिसांचा ११२ हे दोन्ही नंबर प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह असू द्या.