जॅग्वार ई-टाइप भारी की जुनी पोर्श 911?

"साठच्या दशकातली खरी स्पोर्ट्स कार कोणती, जॅग्वार ई-टाइप की पोर्श 911?" असं विचारलंय तुम्ही. आधीच सांगतो, मी दोन्हींपैकी एकही चालवलेली नाही. संग्रहालयात दोन्हींच्या भोवती घुटमळलोय मात्र भरपूर.

ई-टाइप मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात आली तीच सजूनधजून. तिचा आकार ठरवणारा मॅल्कम सेयर हा मूळचा विमान कंपनीतला माणूस, त्यामुळे आकार हवेच्या गणितातून निघाला. ल माँची 24 तासांची शर्यत 1955 ते 57 सलग जिंकणाऱ्या जॅग्वारच्याच डी-टाइप या शर्यतीच्या गाडीची रचना तिच्यात उतरली: मधे मोनोकॉक (म्हणजे वेगळी चासी नाही, पत्र्याचं कवचच सांगाडा), पुढे नळ्यांची चौकट आणि तिच्यात 3.8 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन. बॉनेट उचललं की मडगार्डांसकट अख्खं नाक पुढे कलंडतं आणि तीन एसयू कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे) ओळीने दिसतात. काच रुंद पण बुटकी, म्हणून वायपरही तीन! किंमत सुमारे 2,100 पौंड, म्हणजे अ‍ॅस्टन मार्टिन डीबी4 च्या जवळपास निम्मी. मागचे डिस्क ब्रेक चाकांत नाहीत, डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या गिअरपेटीला, लागून आहेत. चाकांबरोबर वर-खाली होणारं वजन त्याने घटतं, पण ब्रेकचं काम नीट करायचं तर मागची सगळी चौकट खाली उतरवा. मेकॅनिक काय म्हणत असतील ते इथे लिहिण्यासारखं नाही.

911 ची सुरुवातच अडखळत झाली. 1963 मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती 901 म्हणून दाखवली, पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कार कंपनीने हक्क सांगितला, म्हणून 901 ची 911 झाली. इंजिन 2 लिटरचं, 130 अश्वशक्तीचं. ई-टाइपचा कागदावरचा आकडा 265. वर 911 चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं. भर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की शेपूट पुढे जायला बघायची. उपाय काय केला, तर पुढच्या बंपरमागे बिडाची वजनं बसवली! जर्मन इंजिनिअरांचा हा जुगाड मला भयंकर आवडतो. पुढे 1969 च्या मॉडेलला मागची चाकं 57 मिलिमीटर मागे सरकवली, तेव्हा गाडी बरीच ताळ्यावर आली.

माझं मत इथेच ठरतं. 911 वाल्यांनी इंजिनाची जागा सोडली नाही, बाकीचं वर्षानुवर्षं सुधारत नेलं. ई-टाइपला 1964 मध्ये 4.2 लिटरचं इंजिन आणि पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली यंत्रणा) असलेला गिअरबॉक्स मिळाला, ती सुधारणा खरी. त्यानंतर अमेरिकन नियमांपायी हेडलाइटवरच्या काचा गेल्या, तोंड मोठं झालं, 1971 मध्ये बारा सिलिंडरी व्ही12 इंजिन आलं, आणि मूळची चण हरवली.

त्यामुळे इंजिनिअरिंग म्हणून माझं मत 911 ला. लॉटरी लागली तर मात्र काचा शाबूत असलेली 4.2 ई-टाइप घेईन, हा दुटप्पीपणा कबूल. तुम्ही 911 घेतलीत तर तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच तपासा. ड्राय संप आहे, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी नाही, वेगळ्या टाकीत असतं. थंड, बंद गाडीची डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून ओतत सुटाल, तर तेल जास्त होऊन बसेल.