पिशवी धुतल्यावर पुन्हा दिवस राहतात का?

तिसऱ्या महिन्याच्या आत गर्भ वाढायचा थांबला, सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत आणि डॉक्टरांनी 'क्युरेटिंग करून घ्या', म्हणजे गर्भपिशवी साफ करून घ्या, असं सांगितलं, की घरी पोचेपर्यंत हा प्रश्न तयार असतो. विचारणारी मात्र बहुतेक वेळा पेशंट नसतेच. सासू विचारते, जाऊ विचारते, कधी खालच्या मजल्यावरची शेजारीण फोनवरून विचारते. जिच्या पोटातलं गेलं, ती भिंतीकडे बघत बसलेली असते.

रेखाही तशीच बसली होती. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) माहेर-सासर दोन्ही बीड जिल्ह्यातलं, राहायला भोसरीत, वायर हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर काम. पहिलटकरीण. दिवसांच्या हिशेबाने नववा आठवडा, पण गर्भ सातव्यातच थांबलेला. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या होत्या: आपोआप पडायची वाट बघा, गोळ्या घ्या किंवा पिशवी साफ करून घ्या. तीन दिवसांत ठरवून या, म्हणाले आणि तिला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

घरच्यांनी तोवर आपापलं ठरवलेलं होतं. आई म्हणत होती, आजच्या आज साफ करा, नाहीतर पोटात विष पसरेल. सासू म्हणत होती, पिशवीला हात लावू देऊ नका. सासूच्या स्वतःच्या नणंदेची दोनदा धुतली, पाळी नुसती डागापुरती येऊ लागली आणि मूल झालं नाही ते नाहीच. नवरा बिचारा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत, "रविवारच्या आत उरकलं तर बरं," एवढंच म्हणत होता, कारण सोमवारपासून त्याची रात्रपाळी होती.

विषाची भीती मी आधी घेते, कारण तिच्यामुळे माणसं घाईत सही करतात. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ थांबला तर एक-दोन आठवडे थांबल्याने अंगात विष होत नाही. रक्त गोठण्यात बिघाड होतो तो प्रामुख्याने मोठा गर्भ बरेच आठवडे आत राहिला तर. जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो, म्हणून ताप आला, घाण वासाचा स्राव सुरू झाला किंवा रक्त थांबेना, तर वाट बघणं तिथेच संपतं. रेखाला यातलं काही नव्हतं. म्हणजे तिच्याकडे वेळ होता, आणि हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. नणंदेची गोष्ट खरी असणं सहज शक्य आहे. पूर्वी पिशवी खरवडायला धारेचं क्युरेट सर्रास वापरत, आणि दोनदा खरवडली असेल तर आतून चिकटण्याचा धोका वाढतोच. सासूबाईंची सगळी उमर ऊसतोडीत गेलेली, म्हणून म्हटलं, "काकू, ऊस तोडला तरी बुडखा शाबूत असला की खोडवा येतो ना? पिशवीचंही तसंच. वरचा थर दर महिन्याला पाळीत जातो आणि परत येतो. खालचा थर खरवडला गेला तर मात्र तिथे नीट भरून येत नाही." त्या लगेच म्हणाल्या, "मग बुडखा राखणारा डॉक्टर पाहिजे." यापुढे मला फार समजवावं लागलं नाही.

डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न त्यांनीच असा काढून दिला: साफ कशाने करणार? जागतिक आरोग्य संघटना आता धारेच्या क्युरेटऐवजी शोषून घेण्याची, म्हणजे सक्शनची पद्धत सुचवते. आपल्याकडे कागदावर दोन्हींना 'डी अँड सी' (तोंड रुंदावून खरवडणं) असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तोंडाने विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या भेटीला मी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना दहा मिनिटं बसवून घेतलं. धोक्याचे आकडे समुपदेशकाने सांगू नयेत, जी हात घालणार तिनेच सांगावेत, असं माझं मत आहे. त्यांनी सांगितलं ते असं. थोडे अवशेष आत राहून पुन्हा साफ करायची वेळ शंभरात पाच जणींपर्यंत येते. जंतुसंसर्ग शंभरात तिघी-चौघींना होतो आणि बहुतेकदा गोळ्यांनी आवरतो. रक्त द्यावं लागण्याइतका रक्तस्राव हजारात फार तर तिघींना. पिशवीला भोक पडणं हजारात एक ते पाच; तेही बरेचदा नुसतं लक्ष ठेवल्यावर भरून येतं, क्वचित दुर्बिणीने पोटात बघावं लागतं. आतून चिकटणं हा सगळ्यांत अवघड भाग, कारण ते लगेच दिसत नाही. 2014 च्या एका आढाव्यात, गर्भपातानंतर दुर्बिणीने तपासलेल्या बायकांपैकी जवळपास पाचातल्या एकीला कुठेतरी चिकटलेलं आढळलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं सौम्य होतं, आणि वारंवार क्युरेटिंग झालेल्यांत प्रमाण जास्त होतं.

हा आकडा ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला. "मग गोळ्याच घेऊ," तो म्हणाला. पण गोळ्यांनाही त्यांचा हिशेब आहे. मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल अशा दोन्ही प्रकारच्या गोळ्या दिल्या तरी दहापैकी साधारण आठ जणींचं पूर्ण काम होतं. उरलेल्यांना पुन्हा गोळ्या घ्याव्या लागतात किंवा शेवटी सक्शनच करावं लागतं. कळा आणि रक्तस्राव घरी सोसायचा असतो, आणि रेखाच्या घरी संडास चाळीच्या टोकाला, चार कुटुंबांत मिळून होता. असल्या गोष्टी कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

सासूबाईंच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देणारा अभ्यास ब्रिटनमध्ये झालेला आहे. सुमारे 1200 बायकांना वाट बघणं, गोळ्या आणि शस्त्रक्रिया अशा तीन गटांत विभागलं होतं. 2006 मध्ये आलेल्या निष्कर्षांत जंतुसंसर्ग तिन्हीकडे 2 ते 3 टक्केच निघाला. पुढे 2009 मध्ये त्याच बायकांचा मागोवा घेतला, तेव्हा पाच वर्षांत पाचपैकी चौघींना मूल झालेलं होतं, आणि कुठल्या वाटेने गर्भ काढला याने त्यात फरक पडला नव्हता. मी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सासूबाई सुनेकडे बघत होत्या.

एवढं सगळं होऊनही रेखा गप्पच. मग बाकीच्यांना चहाला पाठवलं.

ती बोलली तेव्हा क्युरेटिंगबद्दल बोललीच नाही. मावशीबद्दल बोलली. मावशी टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. अंगावरून पांढरं जातं म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेली, तर 'पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल' सांगून पिशवीच काढली. तिशीच्या आसपास वय. "मॅडम, गुंगीत असताना माझी पण काढली तर? मला कसं कळणार?"

ही भीती अडाणीपणाची नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये राज्यभर गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या भागातली मुलगी 'पिशवी' आणि 'ऑपरेशन' हे दोन शब्द एकत्र ऐकून घाबरली नाही, तरच नवल. हजारात एक, हजारात पाच हे सगळं तिच्या डोक्यावरून गेलं होतं, कारण ती ज्या धोक्याला भीत होती तो त्या यादीत नव्हताच.

त्यावर उत्तर कायद्यात आहे. एका बाईला फक्त दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. त्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती संमती ग्राह्य धरली नाही. पेशंट सज्ञान आहे आणि थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, तर तिलाच विचारायला हवं. अपवाद एवढाच, की थांबल्याने जिवावर बेतणार असेल तर. हा अपवाद मी रेखापासून लपवला नाही. भोक पडून आत रक्तस्राव झालाच तर डॉक्टरांना पुढचं पाऊल टाकावं लागेल, हेही तिला कळलं पाहिजे होतं. आणि हो, सही तिची. नवऱ्याची सही रुग्णालयं मागतात ती सवयीने. सज्ञान बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरते.

मग तिनेच विचारलं, "गुंगी न देता होत नाही का?"

होतं. इतक्या लवकरच्या गर्भाला हाताने चालवायच्या सिरिंजने सक्शन करतात, गर्भाशयाच्या तोंडाशी बधिरतेचं इंजेक्शन देऊन. आमच्याकडे ती सोय होती. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की दुखेल, पाळीच्या दुखण्यापेक्षा बरंच जास्त, पाच-दहा मिनिटं. रेखाने ते निवडलं. संमतिपत्रावर काय करणार आणि काय करणार नाही, हे मराठीत लिहून घेतलं. सही करण्याआधी मी तिला म्हटलं, आता तुम्ही मला सांगा, उद्या काय होणार आहे. तिने सांगितलं, भोक पडण्याचा भाग विसरली, तो पुन्हा समजून घेतला, मग सही केली. माझ्या मते सही घेण्याची हीच रीत हवी. फॉर्म वाचून दाखवण्याला मी समजावणं म्हणत नाही.

दुखलं. "सांगितलं होतं त्याच्याहून जास्त," ती नंतर म्हणाली, पण आपण जागी होतो याचं तिला बरं वाटत होतं. आठ-दहा दिवस थोडं थोडं रक्त गेलं. पाळी पाचव्या आठवड्यात आली, आणि नेहमीसारखी आली, हे सासूबाईंनी फोन करून कळवलं. सुनेच्या आधी.

घरी पाठवताना काही गोष्टी मी प्रत्येकीला सांगते. तासाला दोन मोठे पॅड भिजायला लागले आणि ते दोन तास चाललं, ताप आला, पोटात न सोसणारी कळ उठली, चक्कर आली, तर सकाळची वाट बघायची नाही. सहा-आठ आठवड्यांत पाळी आली नाही किंवा अगदीच डागापुरती येऊ लागली, तर दाखवायचं. चिकटलेलं वेळेत कळलं तर दुर्बिणीने सोडवता येतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन झालं का, ते विचारायचं. काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल तर रिपोर्ट आणायला जायचं, कारण क्वचित त्यात द्राक्षगर्भ (वार द्राक्षाच्या घडासारखी वाढलेली) निघतो आणि मग पुढे रक्ततपासण्या लागतात.

आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायचं. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यात 1961 पासून आहे, ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल तर पैसे तिथून मिळतात. रेखाच्या सुपरवायझरला हे ठाऊकच नव्हतं. कार्डाची झेरॉक्स आणि अर्ज दिल्यावर एचआरने आठवडाभर कुरकुर केली, मग मंजूर केलं.