दोघांच्या मध्ये कॅमेरा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि भांडण झालेल्या त्या नवरा-बायकोवरच्या तुझ्या माहितीपटाचे चित्रीकरणही पाहिले. यवतमाळकडच्या त्या घरातली बाई चुलीजवळ बसून तुझ्याशी मन मोकळे करते आणि नवरा सपरीत, म्हणजे ओसरीत, पाठमोरा बसून राहतो, हीच मला सर्वांत मोठी अडचण वाटते. स्वयंपाकघरात तुला सहज प्रवेश मिळाला, म्हणून माहितीपट तिच्या बाजूला झुकला आहे, आणि त्याचे गप्प राहणे पाहणाऱ्याला गुन्ह्याची कबुली वाटेल. काही दिवस कॅमेरा न घेता त्याच्याबरोबर वावरात जा. समोर बसवून विचारलेस तर तो 'बरं चाललं आहे' एवढेच म्हणेल. पण डवरणी (पिकातली कोळपणी) थांबवून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकला की पेरणीसाठी काढलेले कर्ज, बोंडअळीने गेलेला कापूस, सासऱ्याकडून उसने घेतलेले पैसे हे सारे हळूहळू बाहेर येईल, आणि भांडणाचे मूळ बहुधा तिथेच सापडेल.

वेचणीच्या चित्रीकरणात कापसाच्या गाठोड्याची दोन टोके दोघे धरतात, एकमेकांकडे न पाहता गाठ मारतात आणि तो ते उचलताना तिचा हात नकळत खाली आधाराला जातो. ते दृश्य सलग ठेव, त्यावर निवेदन अजिबात नको.

नवरा आणि सासू समोर असताना तिने दिलेली संमती मी संमती मानत नाही. ती माहेरी गेली की तिला एकटीला पुन्हा विचार, त्यालाही वेगळे विचार, आणि नकार आला तर तो पाळ. मुलाला मात्र 'तू कुणाकडे राहशील?' असे कधीही विचारू नकोस. दोघांचे निरोप तुझ्यामार्फत जाऊ लागले आहेत, तेही थांबव.

२००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगावी तंटे मिटवणाऱ्या समित्या झाल्या आहेत. तुमच्या गावच्या समितीने बैठक बोलावली, तर कॅमेरा नेऊ नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. चारचौघांत आणि कॅमेऱ्यापुढे झालेली तडजोड बाईला पुढे एकटीने निभवावी लागते. प्रकरण फारकतीसाठी न्यायालयात गेले, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २२ नुसार सुनावणी बंद दालनात होते आणि तिच्यातील बाबी प्रसिद्ध करता येत नाहीत; अपवाद फक्त न्यायालयाच्या परवानगीने छापलेल्या उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. तेव्हा वकिलाशी आधीच बोलून घे. मारहाण होताना दिसली, तर चित्रीकरण तिथेच सोडून मदत बोलाव. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांचा क्रमांक आणि १८१ ही महिला हेल्पलाइन तिला आजच सांगून ठेव.

पहिले संकलन झाले की ते दोघांना वेगवेगळे दाखव. कुणी एखादे दृश्य काढायला सांगितले, तर कारण न विचारता काढ, आणि त्यानंतरच ते माझ्याकडे पाठव.