मार्टिन बेल : युद्धवार्ताहराची एका मुदतीची खासदारकी

दूरचित्रवाणीवरील बातमीदार खासदार झाला, तर त्याचे आधीचे काम संसदेत उपयोगी पडते, की ओळखीच्या चेहऱ्याला मते मिळण्यापुरतीच त्याची किंमत असते, असे आपण विचारले आहे. मला याबाबतीत ब्रिटनच्या मार्टिन बेल यांचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, कारण त्यांच्या कारकिर्दीत या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

बेल १९६२ साली नॉर्विच येथे बीबीसीत रुजू झाले आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ व्हिएतनाम, नायजेरिया, उत्तर आयर्लंड, अंगोला, आखात अशा ठिकाणांहून वार्तांकन करत राहिले. ऑगस्ट १९९२ मध्ये सारायेव्होत कॅमेऱ्यासमोर बोलत असतानाच उखळी तोफेच्या गोळ्याचे तुकडे त्यांच्या शरीरात घुसले. ते जमिनीवर कोसळल्याचे ते दृश्य पुढे जगभर दाखवले गेले. बरे होताच ते पुन्हा बोस्नियात गेले. ज्याच्यावर गोळीबार होतो आहे आणि जो गोळीबार करतो आहे, त्या दोघांपासून समान अंतरावर उभे राहणे म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे, हे मत तिथेच पक्के झाले आणि त्यांनी ते उघडपणे मांडले. त्यांच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना ते पटले नाही; मला मात्र त्यांच्या राजकारणाचे मूळ याच मतात दिसते.

चेशरमधील टॅटन हा हुजूर पक्षाचा बालेकिल्ला होता. तेथील खासदार नील हॅमिल्टन यांच्यावर संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला होता आणि त्यांनी तो सतत नाकारला होता. १९९७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाने आपापले उमेदवार मागे घेतले आणि बेल भ्रष्टाचाराविरुद्धचे अपक्ष म्हणून उभे राहिले. नट्सफर्डच्या माळावर ते पत्रकारांशी बोलत असताना हॅमिल्टन पतिपत्नी अचानक समोर येऊन उभी राहिली. दोष सिद्ध होईपर्यंत आपला नवरा निर्दोष आहे हे तुम्हाला मान्य आहे का, असे क्रिस्टीन हॅमिल्टन यांनी त्यांना सर्वांदेखत विचारले आणि बेल यांना ते मान्य करावे लागले. आयुष्यभर प्रश्न विचारणारा माणूस त्या क्षणी चाचपडला, ही त्याची दुर्बलता नव्हती. समोरच्याचे म्हणणे रास्त असेल तर ते नाकारायचे नाही, ही बातमीदाराची सवय होती. पांढऱ्या सूटमधले बेल ११,०७७ मताधिक्याने निवडून आले. दोन मोठे पक्ष बाजूला झाले नसते तर हे घडणे जवळजवळ अशक्य होते, हेही नमूद केले पाहिजे.

संसदेत त्यांनी मदत करणाऱ्यांचीही गय केली नाही. फॉर्म्युला वनचे बर्नी एक्लस्टोन यांनी मजूर पक्षाला दिलेली १० लाख पौंडांची देणगी आणि तंबाखूच्या जाहिरातबंदीतून त्या शर्यतींना सूट देण्याचा सरकारचा मनोदय यावरून नोव्हेंबर १९९७ मध्ये वाद पेटला, तेव्हा त्यांनी थेट पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना प्रश्न विचारला. पुढे, आपल्या प्रचारकाळातील कायदेशीर सल्ल्याचा खर्च मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांनी केला होता हे कळल्यावर तो त्यांनी स्वतः भरला. खासदारांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीवरही ते होते.

मात्र एकच मुदत काम करण्याचे निवडणुकीतले वचन त्यांनी द्यायला नको होते, असे मला वाटते. हे वचन पाळण्यासाठी २००१ साली त्यांनी टॅटन सोडले, जिथे लोक त्यांना ओळखत होते, आणि एसेक्समधील ब्रेंटवुड अँड ऑन्गर येथे ते हुजूर पक्षाच्या एरिक पिकल्स यांच्याविरुद्ध उभे राहिले. तिथे ते २,८२१ मतांनी हरले. टॅटनमध्ये त्याच निवडणुकीत जॉर्ज ऑस्बोर्न निवडून आले आणि ती जागा पुन्हा हुजूर पक्षाकडे गेली.